पहिल्या हाराचा मान

आमच्या शाळेपुढे ज्या स्वातंत्र्यसैनिकाचा पुतळा आहे, तो पुढारी भूमिगत असताना तीन दिवस आमच्या गावात लपला होता. लपला तो माझ्या चुलत आजोबांच्या घरी. तेवढ्यावर त्यांच्या घराला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान मिळाला. पुण्यतिथीला पुतळ्याला पहिला हार त्यांचा. गावजेवणाला हुलग्याची शेंगोळी त्यांच्याच चुलीवरची, का तर पुढाऱ्याने ती खाल्ली होती. राजुरीपासून अवसरीपर्यंतची माणसं यायची, आणि फ्लेक्सवर माझ्या चुलतभावाचं तोंड पुढाऱ्याच्या तोंडापेक्षा मोठं असायचं. मी मागच्या रांगेत बसून जळायचो. लपवण्यात काय अर्थ आहे, जळायचोच.

त्यात वडील नेहमी सांगायचे, पुढारी आधी आपल्या दारात आला होता. शेजारी चुलत आजोबांकडे तो नंतर गेला. मग मान कुणाचा? यंदा बैठकीत मी उठलो आणि हेच ठणकावून सांगितलं. वाटलं, भावकी उसळेल. पण चुलतभाऊ माझ्याकडे बोट करून शांतपणे म्हणाला, "खरंय. यंदा हार दादा घालतील."

इतक्या सहज मिळालेला मान मला पचेना. पुण्यतिथीच्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. चुलतभावाची आई, माझी काकी, बायकांबरोबर शेंगोळ्या वळत बसली होती. मी म्हणालो, "काय काकी, शेवटी खरं बाहेर आलंच की!"

काकीचा हात थांबला. तिने बायकांना पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरं ऐकायचंय? तुज्या दारात आला व्हता त्यो. भर दुपारी, पाय फुटलेला. तुज्या आज्यानं आतून कडी घातली. पाणीसुदिक दिलं न्हाई. आमच्या सासऱ्यानं शपथ घातली व्हती, भाऊ हाय आपला, ह्ये भायेर बोलायचं न्हाई. माज्या लेकाला समदं ठावं हाय."

"मग बैठकीत तो बोलला का नाही?"

"तुजी लाज निघाली असती."

तिने पुन्हा पीठ हातात घेतलं. बाहेर लाउडस्पीकरवरून माझं नाव पुकारत होते.

पुतळ्यापाशी चुलतभावाने हार माझ्या हातात दिला. तो मागे सरकला आणि टाळ्या वाजवू लागला. हार नाकारला असता तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं. मी तो घातला. फोटो निघाले. फोटोत मी हसतोय, आणि मागे टाळ्या वाजवणाऱ्या त्याच्याकडे बघताना आजही मी जळतो, पूर्वीपेक्षा जास्त. हार मला भांडून मिळवता आला. त्याच्यासारखं गप्प राहणं मला जन्मात जमलं नसतं.