सुभेदारांचा बैल

सुभेदारांच्या वर्गात पेन्सिल सगळ्यांत शेवटी मिळायची. दारातच पत्र्याचा एक डबा ठेवलेला असे. आत येताना प्रत्येकानं आपली पेन्सिल, ब्रश, रबर त्यात टाकायचं. "हत्यार जमा!" असं ते ओरडत आणि मग एकेकाला विचारत, "काय काढनार? सांग." चित्र आधी तोंडानं सांगायचं, ते त्यांना पटलं तरच हातात पेन्सिल. चित्रकला शिकायला सांगलीला गेलेली पोरगी आठवडाभर नुसती बोलत बसते, हे मी मलकापूरला घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मग कीर्तनच शीक की. निदान नारळ तरी मिळंल."

ते खरं म्हणजे सुभेदार नव्हतेच. फौजेत नकाशे काढायच्या कचेरीत हवालदार होते, वरची बढती आम्ही पोरांनी दिली. मूळचे कोरेगावकडचे. पेन्शन घेतल्यावर सांगलीत आमच्या वर्गाला ड्रॉइंग मास्तर म्हणून आले ते खाकी शर्ट, पिळाच्या मिशा आणि मराठीत मधेच घुसणारी हिंदी घेऊन. कुणी शंका काढली की "फालतू बात नहीं" हे उत्तर ठरलेलं, आणि मग तासभर त्या शंकेवरच बोलायचे.

त्यांचे डोळे जात चालले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदूपुढं हात टेकले होते. "कडा गेल्या. आता मधलं तेवढं शिल्लक हाय," असं त्यांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, डब्यातलं पीठ संपत आल्याचं सांगावं तसं. वर्गातल्या स्टुलाला धडकले की स्टुलालाच शिव्या घालायचे. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. "आयुष्यभर उभी ऱ्हायलेली चित्रं काढली. डोळं मिटायच्या आत एक चालताना बघायचंय."

म्हणून दिनकर, वसंता आणि मी, असा आमचा तिघांचा गट त्यांनी हाताशी धरला. गावातल्या एका फोटोग्राफरकडं लग्नात फिरवायचा, चावीचा सिनेमा कॅमेरा होता. तो एका वेळी एकच चित्र टिपू शकतो, हे कळल्यावर सुभेदारांना झोप येईना. प्रत्येक चित्र मागच्याहून केसभर वेगळं काढायचं, एकेकाचा फोटो घ्यायचा आणि फीत भरभर फिरवायची, की कागदावरचा बैल चालू लागतो. गोष्टही त्यांचीच. एका गाडीवानाचा बैल छकड्यासकट कृष्णेच्या पुलावर मधोमध बसतो. ओढून, ढकलून, पाया पडूनही उठत नाही. शेवटी गाडीवान दमून त्याच्या शेजारी फतकल मारतो आणि मग बैल आपला आपण उठतो. संपलं.

आम्ही उत्साहानं पूल वाटून घेतला. पहिला तुकडा दिनकरचा, मधला माझा, शेवटचा वसंताचा. कागदांची चवड सुभेदारांनी डोळ्यांजवळ धरली, अंगठ्यानं फर्रकन सोडली आणि मटकन खाली बसले. दिनकर कवठे महांकाळचा. त्याचा बैल सडपातळ, मागं गेलेल्या लांब शिंगांचा. माझा बैल उसाच्या वाढ्यावर पोसलेला, मलकापुरी, पोट जमिनीला टेकायचंच बाकी. वसंता हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं जन्मभर दुकानाच्या कट्ट्यावरून माल घेऊन निघालेले बैल पाहिले, म्हणजे फक्त मागून. त्याच्या बैलाचा पुठ्ठा फार सुरेख होता, तोंड मात्र कुत्र्याचं होतं.

"ह्यो बैल हाय का बाजार?" सुभेदार ओरडले. "एका पुलावर तीन बैल! गाडीवानाला कळंना झालंय, आपला कंचा!"

त्या दिवसापासून त्यांची 'स्टँडिंग ऑर्डर', म्हणजे न बदलणाऱ्या नियमांची वही, सुरू झाली. आम्ही तिला पोथी म्हणायचो. बैल कोणता, ते आधी ठरलं: दिनकरचा. मग तो समोरून, मागून, बाजूनं. वशिंड गाडीवानाच्या छातीला लागतं, वर नाही. शिंगांची लांबी तोंडाएवढी. रंग तीनच, पांढरा, करडा, काळा; बैल कायम पांढरा, त्याच्यामागं कधीही पांढरं आभाळ नको. बैल रागावला की कान मागं, शेपूट गप्प. प्रत्येक वाक्यावर भांडण होई. आखाड गेला, श्रावण गेला, आणि आम्ही अजून गाडीवानाच्या मुंडाशापाशी होतो.

बैल बसतो कसा, यावर तर आठवडा गेला. अखेर सुभेदार स्वतःच वर्गाच्या मध्यभागी चार पायांवर उभे राहिले. "बघा. आदी पुढचं गुडघं. मग मागचा भार." नेमके तेव्हाच प्राचार्य कुणा पाहुण्याला वर्ग दाखवायला घेऊन आले. सुभेदारांनी खालूनच मान वळवली. "साहेब, जरा थांबा. बैल बसतोय." पाहुणे थांबले. बैल पुरता बसल्यावर त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

हसू येई, पण दिनकरचा धीर सुटत चालला होता. एक दिवस सुभेदार डब्याशी चाचपडताना दिसले. पेन्सिल समोर होती आणि हात भलतीकडंच फिरत होता. दिनकर न राहवून म्हणाला, "आवं सर, बास करा की ही पोथी. तुमास्नी बघायचंय न्हवं? मग काढाय लागू. दिस ऱ्हायलं न्हाईत."

मला वाटलं, आता "फालतू बात नहीं" येणार. पण त्यांनी डब्याशी चाचपडणारा हात मागं घेतला.

"गड्या, घाई केली तर मी बघीन. पर बघन्यासारकं काय नसंल," ते म्हणाले. "मला दिसायचं बंद झालं तरी बैल त्योच ऱ्हायला पायजे. एवढ्यासाठी चाललंय समदं."

मला त्यांचा तेव्हा रागच आला. स्वतःच्या हातानं स्वतःची इच्छा मारणारा माणूस बघवत नाही. वसंता तर बाहेर जाऊन रडला आणि डोळ्यांत हळद गेली म्हणाला.

दिवाळीनंतर आम्ही खरे कागद हातात घेतले. पाटावर दोन खिळे ठोकून त्यांत भोकं पाडलेले कागद अडकवायचे, म्हणजे चित्र हलत नाही. तोवर सुभेदारांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ते खिडकीशी बसत आणि मधूनच विचारत, "कान कुठं हायत?" "मागं, सर." "पुलाचा कठडा?" "करडा." मग मान हलवत. तिघांच्या हातांतून आता एकच बैल उतरत होता, हे मी मनातून कबूल केलं. त्यांना मात्र सांगितलं नाही, शेफारले असते.

उन्हाळ्यात फीत धुऊन आली. वर्गातच चादर बांधली, शेजारच्या शाळेतली मुलं गोळा केली. सुभेदार त्याच संध्याकाळी कायमचे गावी निघणार होते. त्यांची ट्रंक दाराशी होती आणि पुतण्या एस.टी.ची वेळ सांगून गेला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. चित्र सुरू झालं आणि ते माझ्या कानाशी पुटपुटू लागले. "आता पूल. आता छकडा येतोय. आता मान हलवंल." पडद्यावर बैल मान हलवत होता. सगळी फीत त्यांना पाठ होती, एकदाही चुकले नाहीत. मला पडद्याकडं बघवेना, म्हणून मी त्यांच्याकडंच बघत राहिले.

बैल बसला तशी मुलं खदखदून हसली. गाडीवान पाया पडला, तेव्हा आणखी हसली. मग गाडीवान शेजारी बसला, आणि पुढच्या रांगेतल्या कुणा पोरानं हाक दिली, "ऊठ रं! ऊठ की!" बघता बघता सगळा वर्ग ओरडू लागला. त्या गलक्यात सुभेदारांचं पुटपुटणं थांबलं. ते खुर्चीच्या कडेवर सरकले होते. ज्या माणसानं त्या बैलाचा केस न् केस ठरवला होता, त्यानं माझं मनगट घट्ट धरलं आणि घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारलं,

"पोरी, उठतोय का गं?"