मुशीचा झेंडा

गिरणीचा संप सुरू झाला आणि तो संपला की नाही हेच पुढे कुणाला सांगता येईना, तेव्हा मी कांदिवलीच्या एका गाळ्यात शिवणकामाला जाऊ लागले. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण मशीन चालवायला मी माहेरीच शिकले होते. गाळा एका गुजराती शेठचा होता आणि माल सगळा अमेरिकेला जायचा.

तिकडे एक खेळ आहे. त्याला ते फुटबॉल म्हणतात, पण चेंडू हातात धरून पळतात. चेंडूही गोल नाही, सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे टोकदार. मोठ्या गावांच्या टीमा असतात, खेळाडूंना पगार असतो, आणि गावातले लोक आपल्या टीमचा झेंडा घरावर, मोटारीवर लावतात. तसले झेंडे आम्ही शिवायचो. आमच्या टेबलाकडे निळ्या कापडावर पांढरा मासा होता. समोरच्या टेबलाकडे पिवळ्यावर लाल कोंबडा.

माझ्या शेजारी मनोरीची एक कोळीण बसायची. वयाने मोठी, म्हणून सगळ्या तिला मावशी म्हणत. रोज सकाळी मासळीची वाटणी करून, तरीने खाडी ओलांडून ती कामाला यायची. पहिल्या दिवशी तो मासा बघून ती म्हणाली, "ही तं मुशी हाय."

मी हळूच म्हटलं, "आमच्याकडे हिला मोरी म्हणतात."

"मोरीत भांडी घासतान गो. ही मुशी."

सगळ्या हसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुणाशी बोलले नाही, मान खाली घालून टीप मारत राहिले. पण मुशी हे नाव लागलं ते लागलंच. शेठसुद्धा हिशेबात मुशी आणि कोंबडा असंच लिहायचे.

घरात त्या वेळी माझ्याच पगारावर चूल पेटत होती. माझे यजमान गिरणीच्या कबड्डीच्या टीममध्ये चढाई करायचे. गिरणी बंद झाली तशी टीमही गेली. ते रोज काम शोधायला बाहेर पडायचे आणि परत आले की बोलायचे नाहीत. एकदा मी सहज सांगितलं की आमच्या मुशीच्या टीमचे खेळाडू फार पूर्वी मासे डब्यात भरायच्या कारखान्यातले कामगार होते, सुट्टीच्या दिवशी खेळायचे, त्यातून ती टीम झाली. हे मला शेठनी सांगितलं होतं. यजमान लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखेच." मग विचारलं, "चढाई कोण करतो?" ते मला कुठे माहीत. मी म्हटलं विचारून सांगते.

शेठना त्या टीमांची बरीच माहिती होती, कारण त्यांचे मेव्हणे त्याच गावात राहत. ते सांगायचे, तिथे मैदानातली बसायची जागा आजोबाकडून बापाला, बापाकडून मुलाला जाते. बर्फ पडत असला तरी माणसं घोंगड्या पांघरून बसतात. टीम वर्षानुवर्षं हरत होती तरी जागा रिकामी राहिली नाही. हे ऐकून मला आमच्या गावच्या पालखीचे मानकरी आठवले. तोही मान असाच घराण्यात चालतो, पालखीला माणसं कमी असोत की जास्त.

त्या थंडीत मुशी आणि कोंबडा दोन्ही टीमा जिंकत जिंकत वर गेल्या, आणि शेवटची मॅच त्यांच्यातच ठरली. शेठ दोन्ही टेबलांच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "बघा बाई, जे जिंकेल त्याचे झेंडे खपणार. हरेल त्याला कोण विचारतो? ते टेबल पुढल्या हंगामापर्यंत बंद ठेवावं लागेल. माझ्या हातात नाही."

त्या दिवसापासून गाळ्यात दोन गावं झाली. आल्या आल्या कोंबडेवाल्या विचारायच्या, "काय मावशी, आज मुशीचं कालवण काय?" मावशी म्हणायची, "कोंबडं कापलं का आधी ते सांग." हसायचं ते हसायचं, पण टेबल कुणाचं बंद होणार हे कुणी बोलत नसे. समोरच्या टेबलावरच्या दोघींचे नवरे माझ्या यजमानांसारखेच घरी बसलेले होते.

शेवटच्या मॅचच्या आधी एका शनिवारी शेठनी कॅसेट आणली. मुशीची आधीची मॅच. तिकडची कॅसेट इकडच्या साध्या व्हिडिओवर लागत नाही म्हणून स्वतःच्या घरचा टीव्ही आणि व्हिडिओचं मशीन टॅक्सीत घालून आणलं. आम्ही कापडाच्या गाठींवर बसलो.

पहिल्यांदा काहीच कळेना. हे एवढे खांदे, डोक्यावर पालथ्या टोपलीसारखं शिप्तर. मावशी म्हणाली, "खांद्यान काय उश्या भरल्यान?" शिट्टी वाजायची, सगळे एकमेकांवर पडायचे, ढीग व्हायचा, परत उठायचे, परत उभे.

"हा काय खेळ?" कोंबड्याकडची एक म्हणाली. "पडतात नि उठतात. आमचा धाकटा दिवसभर हेच करतो."

शेठ समजावत होते. "चार चान्स मिळते ना. चार चान्समध्ये दहा वार पुढे जायचं. गेले तर परत चार चान्स. नाही गेले तर चेंडू त्यांना."

कुणाच्या लक्षात येईना. मी पडद्याकडे बघत होते. मैदानावर पांढऱ्या रेघा होत्या, सारख्या अंतरावर, आमच्या कापायच्या टेबलावर असतात तशा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा वार म्हणजे एक लुगडं आणि वर एक वार."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. पण आता मला थांबता येईना. मी म्हटलं, "चार वेळेत एक लुगडं उलगडायचं. उलगडलं की दुसरं घ्यायचं. असं करत करत त्या टोकाला जायचं."

मावशीने मांडीवर थाप मारली. "अगो, मंग सांग ना तसा."

त्यानंतर गाळ्यात जो गोंधळ झाला तो काय सांगू. "अर्धं लुगडं झालं गं." "निऱ्या आल्या, निऱ्या आल्या." "पदर राहिला." मध्येच पट्टेवाल्या सदऱ्यातली माणसं मैदानात साखळी घेऊन आली आणि जमिनीवर ताणून धरली. मी म्हटलं, "मोजणी आली," आणि आमच्या कोकणातल्या बायका हसून लोळल्या. बांधावरून दोन भाऊ भांडायला लागले की तालुक्याहून मोजणीदार साखळी घेऊन येतो, तसंच ते होतं. शेठना हसू का येतंय ते कळत नव्हतं, तरी तेही हसत होते.

घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. भुईवर खडूने रेघा काढून दाखवल्या. त्यांनी मला किती तरी प्रश्न विचारले. अडवणारे किती, चेंडूवाल्याला मागून धरलं तर चालतं का, रेघेवर पाय पडला तर काय. कबड्डीवर ते बोलायचे तसे, हात हलवून. मला उत्तरं येत नव्हती तिथे मी मनाने दिली.

शेवटची मॅच रविवारी तिकडे झाली. सोमवारी आम्ही कामावर आलो तेव्हा शेठ फोनजवळ बसले होते. मावशीने येताना गावच्या देवीला नारळ बोलला होता. समोरच्या टेबलावर कुणी काय नवस बोलला होता ते त्यांनी सांगितलं नाही. शेठ आमच्या टेबलाकडे आले, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच कळलं.

"हरली," ते म्हणाले.

मीच विचारलं, "कितीने?"

"शेवटचा चान्स होता. साखळी आणून मोजलं. एक वार कमी."

मावशी बराच वेळ सुईत दोरा घालत होती. मग म्हणाली, "पदर पुरला नाय."

समोरचं टेबल ओरडलं नाही, हेही लिहून ठेवते. त्यांच्यातली एक उठून आमच्या मशीनवर चहा ठेवून गेली. आम्ही हातातले झेंडे पुरे केले, तुकडे गोळा केले आणि मशिनं झाकली. शेठ म्हणाले, दोन दिवसांनी येऊन पगार घेऊन जा.

दोन दिवसांनी आम्ही गेलो तर आमच्या टेबलावर निळ्या कापडाची नवी गाठ ठेवलेली. मावशीला वाटलं कुणीतरी चुकून ठेवली. शेठ म्हणाले, "चूक नाही. मेव्हण्याचा फोन होता. टीम गावात परत आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. ज्यांच्याकडे झेंडा नव्हता त्यांना आता हवाय. कोंबड्याएवढी मोठी ऑर्डर नाही, पण तुमचं टेबल चालेल."

मी म्हटलं, "हरली तरी?"

"अरे बेन, हरली म्हणून आपली टीम बदलते काय?"

संध्याकाळी यजमान दाराशी बसले होते. मी सांगितलं की काम राहिलं.

"कोंबडा शिवणार आता?"

"नाही. मुशीच. हरलेल्यांचा झेंडा लोकांनी मागवलाय."

मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. संपात हरून घरी बसलेल्या माणसाला मी हे काय सांगून बसले असं वाटत होतं. थोड्या वेळाने ते आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "एका टिपेवर सोडू नकोस. वाऱ्यावर लावतील ते. उसवायला नको."

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक मुशीला कडेने दुहेरी टीप घातली. वेळ जास्त लागायचा. मावशीने बघितलं आणि तिनेही तशीच घालायला सुरुवात केली. अमेरिकेच्या त्या गावात ते झेंडे किती दिवस टिकले मला कळायचा मार्ग नाही. पण माझ्या हातचा एकही उसवला नसणार.