पूजेला बसलेला प्रधान

गेल्या सोमवारी सांडगे निम्मेच घालून झाले होते. बोटं पिठानं बरबटलेली, तेवढ्यात मागच्या दारानं ठकुअक्का आत शिरल्या.

"शुभदा, हात धू आणि हे कुठंतरी ठेव बघू. आत्ताच्या आत्ता!"

पदराखालून निघाला डबीच्या झाकणाएवढा एक गोल पत्ता.

ठकुअक्का आमच्या शेजारच्या. चिकपेटेच्या बाजारातले कापडवाले व्यंकोजीराव, बोलण्यात अधूनमधून कानडी, हे त्यांचे धाकटे दीर. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून तीस वर्षं त्या दिराच्या घरी रांधताहेत. माहेरचं म्हणावं असं एकच उरलंय, गंजिफांचा डबा. चिंचोक्याच्या खळीत कापडाचे थर चिकटवून केलेले एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. दर रंगात सिंहासनावर एक राजा, घोड्यावर एक प्रधान, बाकीचे साधे. दुपारी जेवणं झाली की सासूबाई, अक्का आणि मी खेळायला बसतो. दिवसा ज्याच्या हाती रामराजा, त्याची उतारी पहिली. तो नेमका अक्कांच्याच हाती कसा येतो, हे एक त्या रामालाच ठाऊक.

आता व्यंकोजीरावांच्या मनात आलं की हा डबा एका बड्या साहेबांना नजर करावा. साहेबांना जुन्या वस्तूंचा नाद, बंगल्यात काचेचं कपाट. मात्र डबा पुरा हवा, एक पत्ता कमी चालायचा नाही. अक्का दिराच्या घरचं खातात, नको म्हणायचं तोंड नाही. म्हणून एक पत्ता पदराखाली!

माझ्या घरात कुणी हात लावणार नाही अशी जागा एकच, देवघर. चष्मा सापडेना. अवताराचा राजाच असणार, असं धरून मी तो बाळकृष्णाशेजारी बसवला. गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पूजेला बसले, तर काय! घोडा, पोट सुटलेलं, पिळदार मिशा. राजा कुठला, वराहाचा प्रधान तो! आणि मिशा तर हुबेहूब व्यंकोजीरावांच्या.

अक्कांना सांगितलं तर हसून हसून खालीच बसल्या. "अगं, तीस वर्षं मी त्याला दीर म्हणूनच मारतेय डावात. तू त्याला फुलं वाहतेस?"

गुरुवारी व्यंकोजीराव स्वतःच आले. "शुभदावहिनी, एक पत्ता मिळत नाही. तुमच्याकडे राहिला का?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "देवघरात आहे की. या, बघा."

ते वाकले. हात पुढं केला.

"रोज पूजा होते हो त्याची," मी म्हटलं. "उठवायचा तर विसर्जन करावं लागेल. पाण्यात. आणि खळ पाण्यात सुटते, म्हणतात."

हात मागं आला. मग ते बराच वेळ त्या फुलाखालच्या मिशांकडं बघत राहिले. आपल्याही मिशांवरून एकदा हात फिरवला.

"वहिनी, हा स्वल्प... माझ्यासारखा दिसतो का हो?"

"मिशांवरून तरी तसंच वाटतं."

"आणि रोज पूजा?"

"दोन्ही वेळा उदबत्ती."

"सरी, सरी. बरं तर, राहू दे मग. साहेबांना सांगतो, डबा अपुरा आहे." निघताना त्यांनी घोडेस्वाराला हळूच नमस्कारही केला!

बाळकृष्णा, यात काही पाप असेल तर निम्मं अक्कांच्या नावावर घाल.

काल अक्कांनी जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, काजळानं मिशा काढल्या आणि त्याला प्रधान करून डाव मांडला. उतारी अर्थात त्यांचीच. पहिल्याच हातात दिराला मारलं, डबा बंद करून काखेत घेतला आणि म्हणाल्या, "चल, मी निघते. रागी दळून आणायची आहे."

आणि गिरणीकडं गेल्या.