पाठीमागचा घास

माझ्या थोरल्या जाऊबाई दुपारपर्यंत माणसांच्या कवळ्या बनवतात आणि दुपारनंतर बेवारशी कुत्र्यामांजरांची आई होतात. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचे ओरखडे. प्राणी वाचवणारी एक संस्था आहे. रस्त्यावर सापडलेल्या जनावराला कायमचं घर मिळेपर्यंत ती त्याला जाऊबाईंकडे आणून सोडते. जाऊबाई वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या, त्यामुळे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मी अनुभवाने शिकले आहे. माझ्या धुतलेल्या चादरींवर ज्यांचे केस पडतात त्यांना मी पाहुणे म्हणत नाही. जाऊबाई म्हणतात.

"अगं, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तुमचे दोन आठवडे मला चांगले ठाऊक आहेत."

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. लळा लावायचा आणि वेळ आली की देऊन टाकायचं, हे त्यांना जमतं. मला नसतं जमलं. कसं हो देववतं तुम्हाला, असं कुणी डोळ्यांत पाणी आणून विचारलं की त्या म्हणतात, "कवळी मी बनवली म्हणून काय मीच तोंडात घालून बसू?"

घुमी आली ती एका बंद गोदामातून. तपकिरी, हडकुळी कुत्री. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. एका घराने नेली आणि 'कोपऱ्यातून हलतच नाही' म्हणून परत आणून दिली. मग ती जाऊबाईंकडे आली, आणि दोन आठवड्यांचे अर्थातच कित्येक महिने झाले. शेवटी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस तिला बघायला आला. तिच्या कोपऱ्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माझ्यासारखीच आहे, कमी बोलणारी. नेतो मी." घरात तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. घुमी गेली. जाऊबाईंनी तिचं अंथरूण धुतलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत एक मांजरी आली, डोळेही न उघडलेल्या पिल्लांसकट.

आणि मग लिफ्टवाल्याचा फोन आला. घुमी खात नव्हती. तिकडे गेल्यापासून एक घास नाही, नुसतं थोडं पाणी. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही. पण उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि तिथून तिला पुन्हा त्याच्या घरी पाठवायचं नाही, असं संस्थेने कळवलं होतं. म्हणजे दुसऱ्यांदा परत. दोनदा परत आलेल्या कुत्र्याला तिसरं घर विचारत नाही. संस्थेचं गावाबाहेर एक मोठं आवार आहे, कुणालाच नको असलेली कुत्री तिथे म्हातारी होतात. जाऊबाईंनी ते आवार पाहिलेलं होतं.

त्या चपला घालून खाली आल्या, आणि माझ्या दारातच चपला काढून मटकन बसल्या. नव्या घरी गेलेल्या जनावराला पहिले काही आठवडे आधीच्या माणसाने भेटायचं नाही, हा संस्थेचा नियम.

"मी गेले तर ती माझ्या हातून खाईल, आणि मग त्यांच्या हातून कधीच खाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी तरी काय वेगळं करत होते? तेच खाणं त्यांना सांगितलं, तीच वेळ सांगितली. बाकी कुणीही देतं तसंच तर द्यायचे."

मी हातातलं फडकं आपटलं. "जाऊबाई, कुणीही तसं देत नाही!"

संध्याकाळी कसलं तरी भांडण घेऊन मी वर जायचे तेव्हा रोज तेच दृश्य. बाई जमिनीवर, तोंड भिंतीकडे, पाठ कुत्रीकडे. एक हात पाठीमागे, तळवा उघडा, त्यावर उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. टेबलाखालून लाच घेणाऱ्यासारखा तो हात! आणि भिंतीशी गप्पा चालू, आज कुणाची कवळी बसली नाही वगैरे.

"मग कसं देणार? तोंडाकडे टक लावून?" जाऊबाई म्हणाल्या. "घाबरलेल्या जनावराला नजर सोसत नाही गं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि उत्तर या बाईंच्या पाठीमागे. इतकी वर्षं असंच भरवून त्यांना वाटत होतं, सगळं जग भिंतीकडे तोंड करूनच कुत्र्याला जेवू घालतं. मला हसावं की ओरडावं कळेना. मी पदर खोचला आणि निघाले. माझा कुत्रीला लळा नव्हता, ती मला फक्त झाडूवरून ओळखायची, त्यामुळे मी जायला हरकत नव्हती.

लिफ्टवाल्याच्या घरी घुमी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसली होती. समोर वाडगा, आणि वाडग्याभोवती सगळं घर. म्हातारी खुर्चीवर, बायको गुडघ्यांवर, आणि तो स्वतः हातात तुकडा धरून, "खा ना गं बाळा." तिघांच्या नजरा तिच्या तोंडावर. माया होती हो, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं असतं तर माझ्याही घशाखाली घास उतरला नसता.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा," मी सांगितलं.

"आम्ही काय गुन्हा केलाय?" म्हातारी म्हणाली. पण खुर्ची फिरवली. लिफ्टवाला पाठ करून बसला, हात मागे, तळव्यावर तुकडे. मीही वळले.

"आली का?" म्हातारीने कुजबुजत विचारलं.

"बोला, पण कुत्र्याबद्दल नको."

मग म्हातारीने सुनेच्या पसाऱ्याचा विषय काढला. सूनही गप्प बसणारी नव्हती. चांगली जुंपली दोघींची. बऱ्याच वेळाने मध्येच लिफ्टवाला वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हाताला ओलं लागलं."

मागून चावल्याचा आवाज आला. कुणीही वळलं नाही. त्याचे खांदे हलत होते. बायकोने न बघता त्याच्या हातात आणखी तुकडे ठेवले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

जिन्यात येऊन मी फोन लावला. "खाल्लं."

"किती?"

"सगळं. आणखी मागतेय."

"बरं झालं," आणि फोन बंद.

नंतर बरेच दिवस तो रोज भिंत बघत तिला भरवत होता. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. जाऊबाईंच्या हातात पिल्लू आणि दुधाची बाटली, म्हणून फोन मी धरला, स्पीकर लावून. तो म्हणाला, घुमीने खाल्लं, आणि मग त्याला वळसा घालून ती त्याच्या समोर येऊन बसली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कमी बोलणारा माणूस, तेच तीनदा सांगत होता.

आमच्याकडे इतके महिने राहून ती एकदाही जाऊबाईंच्या समोर आली नव्हती. मी भीत भीत त्यांच्याकडे पाहिलं.

"सुटले गं बाई," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसत होत्या.

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण मी भिंत बघत बसले ती कशासाठी? कुणाचं तरी तोंड बघावंसं वाटू दे तिला, म्हणूनच ना."

एवढं बोलून त्यांनी ते पिल्लू माझ्या स्वच्छ साडीवर ठेवलं आणि तोंड धुवायला गेल्या.