पांढऱ्या साडीचा बस्ता

२८ मार्च, शनिवार. सकाळपासून साड्या खोक्यांत भरायचं काम चाललं होतं. काठपदराच्या वेगळ्या, सिंथेटिक वेगळ्या, प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी आणि नंबर. बिदरमधली आमची दुमजली शोरूम कंपनीनं बंद केली होती. विक्री आदल्या दिवशीच थांबली, बिलिंगचा कॉम्प्युटरही उचलून नेला. रविवारी संध्याकाळी ट्रक येणार होता. मी साडी विभागाची इन्चार्ज, त्यामुळे शेवटचं खोकं बंद करणं माझ्याकडे.

दुकान कशानं बसलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाया यायच्या, साडी अंगाला लावून बघायच्या, पदराचा फोटो काढायच्या आणि घरी जाऊन मोबाइलवर तसलीच मागवायच्या. माझी सख्खी बहीणसुद्धा. त्यात रागावण्यासारखं मला काही दिसत नाही. स्वस्त मिळेल तिथून माणूस घेणारच. बस्त्याला मात्र लोक आमच्याकडे येत राहिले. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं एकत्र येतात, तासन्‌तास बसतात. कंपनीच्या दुकानात बसायची सोयच नव्हती. आम्हीच वरच्या मजल्यावर सतरंजी अंथरायला सुरुवात केली.

माझ्या हाताखाली मैलूरची एक मुलगी होती. कित्येक नवरीमुलींच्या साड्या तिनं उलगडल्या. एप्रिलमध्ये तिचंच लग्न होतं आणि आपला बस्ता आपल्या दुकानात व्हावा एवढीच तिची इच्छा. पण होणाऱ्या सासूनं लग्नाची साडी फोनवर मागवून टाकली होती. त्यात दुकानही बंद होत होतं. मुलगी खोकी भरत राहिली.

दुपारी ती सासूच कमठाण्याहून आली. बरोबर तिची जाऊ आणि मुलीची आई. अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या. सासूनं प्लास्टिकच्या पाकिटातून साडी काढली.

"बाई, ह्याला पांढरं म्हणत्यात व्हय?"

त्यांचं लग्न बौद्ध पद्धतीनं, नवरी पांढऱ्या साडीत. ही साडी जुन्या तुपाच्या रंगाची होती.

"फोनवर दुधासारखी दिसायली होती," सासू म्हणाली.

"चष्मा बदल म्हणलं, तर हिनं फोन बदलला," जाऊ म्हणाली.

"तू गप बस. बाई, तुमच्याकडं हाय का पांढरी?"

मुलगी माझ्या कानाशी आली. "अक्का, बिल कुठनं करायचं आता? विक्री बंद हाय म्हणून सांगा त्यान्ला." तिचा चेहरा उतरला होता.

"पांढऱ्या कुठल्या खोक्यात भरल्यास?" मी विचारलं आणि कात्री घेतली.

वर सतरंजी अंथरली. सवयीप्रमाणे मुलगी पलीकडं उभी राहून घड्या मोडायला लागली.

"कामून उभी राहिलीस? तिकडं बस."

"मीच दाखवते की, अक्का."

"नवरी कुठं साड्या दाखवती? बस."

ती बसली. हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. सासूनं जरा सरकून तिला आपल्या शेजारी घेतलं.

आमच्याकडे पांढऱ्या साड्या थोड्याच. इथं पांढरं खपत नाही असं कंपनीचा कॉम्प्युटर सांगायचा. मी दर हंगामात भांडून मागवून घ्यायची. एक निळसर होती, एक सायीसारखी. ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून एकेक खिडकीच्या उजेडात धरली. तिसरी स्वच्छ पांढरी, बारीक चंदेरी काठाची. मुलीनं ती उलटी करून बघितली. "पोत चांगलं हाय."

"पोत मला नको सांगूस," मी म्हणाले. "आवडली का?"

तिनं सासूकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघायलीस? नेसायची तुला."

मुलीनं पदर डोक्यावर घेतला. "आवडली," ती म्हणाली. तिची आई उठून खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत उभी राहिली.

मी खालून चहा मागवला. चहाशिवाय बस्ता होत नाही.

राहिला प्रश्न बिलाचा. कंपनीच्या कलबुर्गीच्या दुकानातल्या साहेबांना फोन लावला. ते वैतागले. सगळा माल परत पाठवायच्या यादीत चढला होता.

"एक साडी कमी करा," मी म्हणाले. "तुमच्याकडं बिलिंग चालू आहे ना? साडी आणि पैसे घेऊन उद्या स्वतः येते."

"रविवारी? एका साडीसाठी?"

"होय."

"या मग," ते म्हणाले. "पण ट्रकच्या आधी परत पोचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी कलबुर्गीला गेले. दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभी होते. काउंटरवरच्या पोऱ्यानं बिल कुणाच्या नावानं करू म्हणून विचारलं, तेव्हा मी त्या मुलीचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यानं ते नीट टाइप केलंय का, ते स्क्रीनवर वाकून बघितलं.