फोटोतली सावली कुणाची?

तुमच्या फोनमध्ये डोंगराचे, देवळाचे, पालखीचे कितीतरी फोटो असतील. त्यातला एखादा तरी कोणी काढला, हे सांगता येईल तुम्हाला? 'ग्रुपवर आला' हे उत्तर मला नको आहे. ग्रुप फोटो काढत नाही. माणूस काढतो.

मी पत्रकांमध्ये वाढले. महाडच्या आमच्या घरात खाटेखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यावरसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा नदीच्या पाण्यावर लिहायचे, कारखान्यांतल्या कामगारांवर लिहायचे, आणि आम्ही भावंडं ती पत्रकं तळ्याच्या काठी आणि एसटी स्टँडवर वाटायचो. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं आणि छापखान्याचं नाव असायचंच. एकदा कुणीतरी सुचवलं, प्रकरण तापलंय, या खेपेला नाव नको. बाबा म्हणाले, "खाली नाव घालायची छाती नसेल तर वर मजकूर कशाला?"

माझा आतेभाऊ अगदी उलट रीतीत वाढला. आत्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथे कुणीच कशावर आपलं नाव घालत नाही. टाकी बांधली, देवळाला पायऱ्या केल्या, शिमग्याची पत्रिका छापली, सगळ्यावर एकच ओळ: 'ग्रामस्थ व मुंबईकर मंडळ'. पायऱ्यांचे दगड ज्यानं पाठीवरून वाहिले त्याला विचारलं तरी तो म्हणणार, "मंडळानं केलं."

भाऊ एमआयडीसीत कामाला होता. पाळी सुटली की मोटारसायकलवरून वाडीला परत. वाटेत झऱ्यापाशी थांबायचा. तिथे एक जुना वीरगळ उभा आहे. ढाल-तलवार घेतलेला लढवय्या कोरलेला दगड. वाडी त्याला देव म्हणते आणि शेंदूर लावते. एका संध्याकाळी त्यानं त्या दगडाचा फोटो काढला. ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे त्याची स्वतःची सावली थेट दगडाच्या पायाशी पडली होती, हेल्मेटसकट. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं अशा एका संकेतस्थळावर त्याच्या वाडीचं पान होतं. त्यावर त्यानं तो फोटो चढवला आणि मला दाखवला.

"हे भूत कोण?" मी विचारलं.

"मीच गो. हेल्मेट काढायला विसरलो."

"मग परत काढ."

"राहू दे. देवाला पण कळू दे, कोण आला होता."

फोटोखाली 'निर्माता' असा रकाना होता. त्यात त्यानं लिहिलं होतं, 'ग्रामस्थ मंडळ'. मी भडकलेच. "काढलास तू, आणि नाव मंडळाचं?"

"दगड गावचा, झरा गावचा. मी फक्त बटण दाबलं."

"नाव घाल."

"घालतो नंतर. आता याच्यावर पत्रक काढू नको म्हणजे झालं."

ते नंतर आलंच नाही. पावसाळ्यात मित्राकडे खेडला जाताना कशेडी घाटात त्याची मोटारसायकल घसरली. तो गेला. त्याच्या फोनचा चुरा झाला.

दिवसकार्य झाल्यावर मी आत्याला तो फोटो माझ्या फोनवर दाखवला. तिनं दगडाकडे पाहिलंच नाही. सावलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आलास का रे?"

मग तिनं विचारलं, "खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"आणि त्याचं नाव?"

"नाही आत्या. त्यानंच घातलं नाही."

"मग तू घाल. तुला येतं ना तसलं. कुणीतरी वाचलं पायजे गो त्याचं नाव. घरात आता त्या नावानं हाक कोण मारतंय?"

मी त्याच दिवशी नाव घातलं. संध्याकाळच्या आत कुणीतरी ते काढून टाकलं. कारण दिलं होतं, 'मूळ नोंदीशी विसंगत'. अशा संकेतस्थळांवर प्रत्येक पानामागे एक चर्चापान असतं, भांडणं तिथे होतात. तिथे मी लांबलचक लिहिलं. तिथली राखण करणारा एक स्वयंसेवक होता, कुठला कोण, आजही माहीत नाही. त्याचं उत्तर आलं: 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. मात्र हे चर्चापान आहे, सभा नव्हे. पुरावा द्यावा.'

मी सावली दाखवली. त्यानं लिहिलं, सावलीवरून निर्माता ठरवता येत नाही. मूळ फाइल मागितली, तर फोनच उरला नव्हता. ज्या खात्यावरून फोटो चढवला ते भावाचंच कशावरून, असंही विचारलं. भावानं खात्याला आपल्या वाडीचं नाव दिलं होतं. तिथेही स्वतःचं नाव घालायची त्याला लाज वाटली असावी. शेवटी ठरलं, की नोंदीत मंडळ आहे, तेव्हा मंडळानंच सांगावं.

पण मंडळ एक राहिलं नव्हतं. देव एक, पालखी एक, मंडळं दोन. जुन्या मंडळाच्या सेक्रेटरींना मी मुंबईला फोन लावला.

"अगं बाय, तो फोटो मंडळाचा. कॅलेंडरवर छापलाय आम्ही."

"काढला कुणी?"

"मंडळानं."

"मंडळाला डोळे असतात का काका?"

"तू अगदी बापावर गेलीस बघ," ते हसून म्हणाले. "आणि खाली ती काळी घाण दिसत होती ना, ती कापून टाकली आम्ही. एकदम क्लीन केला फोटो."

मी फोन ठेवला. ती 'काळी घाण' म्हणजे माझ्या भावाची सावली होती.

मग नव्या मंडळानंही फोटोवर दावा सांगितला. चर्चापानावर दोघं एकमेकांची उणीदुणी काढू लागले, मागच्या शिमग्यातल्या लाउडस्पीकरपर्यंत पोचले. भावाचं नाव त्यात कुणीच घेतलं नाही. तेव्हा त्या स्वयंसेवकानं मला वेगळा निरोप पाठवला. त्यात कणव होती, हे मला मान्य आहे. 'तुमच्याकडे प्रत आहे ना? ती तुम्ही स्वतः काढली असं लिहून नव्यानं चढवा. कुणी विचारणार नाही, चित्र राहील.'

मी नाही म्हटलं. ज्या घरात खरं नाव घालण्यासाठी बाबांनी पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवल्या, त्या घरातून मी खोटं नाव कसं घालणार होते?

थोड्या दिवसांनी निर्णय लागला: 'स्रोत वादग्रस्त. चित्र वगळले.' त्यानंतर त्या जागी कॅलेंडरवरचा कापलेला, स्वच्छ फोटो आला. निर्माता, ग्रामस्थ मंडळ. दोन्ही मंडळांनी संमती दिली होती. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

आत्याला सांगायला गेले तेव्हा ती ओट्यावर वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. स्वयंसेवकानं काय सुचवलं होतं तेही मी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुझं नाव घातलं असतंस तरी चाललं असतं गो," ती म्हणाली. "घरातलंच नाव. सावली तरी ऱ्हायली असती."

मी तिच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. दुसरं काही करता येईना. खोटं नाव घालायचं नव्हतं, हे मी आजही मानते. उद्या पुन्हा कुणी विचारलं तरी हेच सांगेन. पण वाडीला गेले की आत्या म्हणते, "दाखव," आणि मी फोनमध्ये उतरवून ठेवलेला तो आधीचा फोटो पुढे करते. ती सावलीवर बोट फिरवते. खाली काय लिहिलंय, हे ती आता विचारत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. आज फोन उघडा. तुम्ही न काढलेला एक फोटो शोधा, गावचा, घरचा, कुठलाही. पाठवणाऱ्याला विचारा, कोणी काढला. त्यालाही माहीत नसेल तर त्याच्या मागच्याला विचारा. नाव सापडलं की ते फोटोखाली लिहा, मगच तो पुढे पाठवा. आणि ज्यानं काढला त्याला फोन लावा. त्याला सांगा, हा तुझा आहे, याच्यावर नाव घाल. तो हसून 'घालतो नंतर' म्हणाला, तर फोन ठेवू नका.