कोपराने दाबलेलं बटण

सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावरच्या एका काकूंना गेल्या मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजता, नळावर सगळ्यांदेखत चोर म्हटलं. म्हणणारा होता पाण्याचं मशीन बसवणारा. बटण दाबलं की मशीन एक हंडा पाणी सोडतं आणि मोजतं; घरटी दिवसाला सहा हंडे मिळतात. काकूंना दोनच मिळाले आणि मशीनने सहा झाले म्हणून पाणी बंद केलं.

“सहा घेतलेत. मशीन खोटं बोलतं का?”

“मंग दादा, हे रिकामे हंडे मी नाचवाया आणलेत का?”

मी जव्हारला इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो; मशीनमधला बोर्ड काढून तिकडे नेला. टेबलावर बोटाने बटण दाबलं की आकडा बरोबर यायचा. दोन दिवस मी उगाच वायरी बदलल्या. मग बोर्ड परत जोडून नळावरच उभा राहिलो. डोक्यावर भरलेला हंडा असला की हात अडकलेले असतात, म्हणून बाया पुढच्या हंड्यासाठी बटण कोपराने दाबतात. तेव्हा बटण आत थरथरतं, आणि प्रत्येक थरथरीला चिपला इंटरप्ट, म्हणजे ‘आधी इकडे बघ’ असा इशारा, जातो; ती हातातलं काम सोडून नवा हंडा मोजते. एकदा मोजलं की क्षणभर बटणाकडे बघू नकोस, एवढंच मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

काकूंना सहा हंडे मिळाले. माफी अजून मिळालेली नाही.

तुमच्या गावातलं मशीन कुणाला चोर ठरवत असेल, तर आधी ते मशीन उघडायला लावा.